पडसादावर चालणारी फटफटी

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. भाद्रपद जवळ आला की तेथे ओट्यांवर, पडव्यांत आणि मांडवांत मूर्तींच्या रांगा लागतात. पाहणाऱ्याची दृष्टी मूर्तीच्या मुखावर आणि सोंडेच्या डौलदार वळणावर खिळते. परंतु रंग देण्यापूर्वी कारागीर एखादी मूर्ती आडवी करतो, तेव्हा ती आतून पोकळ असल्याचे ध्यानात येते. या पोकळीमुळे मूर्ती हलकी होते आणि सामग्री वाचते. त्याहून अधिक काम तिला नसते.

मनुष्याने घडवलेली अशीही एक पोकळ वस्तू आहे, की जिच्या बाहेरच्या रूपाला काहीच मोल नाही आणि आतल्या पोकळीवरच सारी भिस्त आहे. ती म्हणजे मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक फटफटीचे धुरांडे. हे धुरांडे इंजिनाच्या तोंडाशी मनगटाएवढे अरुंद असते. अजगराने सावज गिळावे तसे ते मध्येच फुगते, पुन्हा निमुळते होते आणि शेवटी अंगठ्याएवढ्या बारीक नळीत संपते. प्रथम पाहणाऱ्याला ते बेढब वाटते. पण त्याचा फुगवटा एका बोटाने मागेपुढे झाला, तरी इंजिनाचा सारा स्वभाव बदलतो. असे का व्हावे?

मोटोक्रॉस म्हणजे रस्ता नसलेल्या जमिनीवर धावण्याची फटफटींची शर्यत. माती, चिखल, उंचवटे, खड्डे आणि उड्या हाच तिचा मार्ग. इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे १९२४ साली अशा प्रकारची पहिली शर्यत झाली असे मानतात. आपल्याकडेही हा खेळ नवा नाही. पुणे आणि नाशिक या भागांत त्याच्या शर्यती होत आल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ बालेवाडी येथील श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलात मातीचे ढीग रचून तयार केलेल्या मार्गावर देशोदेशीचे स्वार उतरले होते. अशा गाडीला दिवा नसतो, भोंगा नसतो, मागे बसणाऱ्याची सोय नसते. जे शर्यतीला उपयोगी नाही ते तिच्या अंगावर राहू दिलेले नसते.

टू-स्ट्रोक इंजिन मात्र महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचे आहे. पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार होणारी बजाज कंपनीची चेतक स्कूटर १९७२ साली बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या लुनाचे इंजिन अवघे ५० घनसेंटिमीटरचे होते. पेण-रोह्याच्या रस्त्यांवर ही दोन्ही वाहने वर्षानुवर्षे धावली. दोन्ही टू-स्ट्रोक. चेतकचे इंजिन १४५ घनसेंटिमीटरचे आणि तिची शक्ती सुमारे साडेसात अश्वशक्ती. आता मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक गाडीकडे पाहावे. तिचे इंजिन १२५ घनसेंटिमीटरचे, म्हणजे चेतकपेक्षा लहान. पण शक्ती सुमारे पस्तीस अश्वशक्ती! पेट्रोल तेच, हवा तीच, तत्त्वही तेच. मग एवढा फरक कोठून आला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे.

इंजिनातील नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर होत असतो. त्याची एक खेप, मग ती वरून खाली असो वा खालून वर, म्हणजे एक स्ट्रोक. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली जे इंजिन सिद्ध केले, त्यात दट्ट्याच्या चार खेपांत एकदा स्फोट होतो. पहिल्या खेपेत हवा व इंधन यांचे मिश्रण आत येते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत पेटते आणि चौथीत धूर बाहेर जातो. मिश्रण आत घेण्यासाठी एक झडप आणि धूर सोडण्यासाठी दुसरी, त्यांच्या स्प्रिंगा, त्या उघडणारा कॅम, त्याची साखळी, असा बराच संसार त्यापाठी असतो. हेच काम दोन खेपांत उरकता येईल काय, हा विचार पुढे अनेकांनी केला. स्कॉटलंडच्या डुगल्ड क्लर्कने १८८१ साली तसे इंजिन नोंदवले. पण त्याला मिश्रण आत ढकलण्यासाठी वेगळा पंप लागे. पुढे इंग्लंडमधील बाथ गावच्या जोसेफ डे याने १८९१ साली या पंपालाच रजा दिली. दट्ट्याच्या खाली क्रँक फिरण्यासाठी जी बंद पेटी असते, तिलाच त्याने भात्यासारखे कामाला लावले. त्याच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉकने १८९२ साली उरलीसुरली झडपही काढून टाकली. दट्ट्या हीच झडप झाली.

ही व्यवस्था समजण्यास अवघड नाही. नळकांड्याच्या भिंतीला काही खिडक्या असतात आणि दट्ट्या जाता-येता त्या उघडतो व झाकतो. दट्ट्या वर जाऊ लागला की खालच्या पेटीत जागा मोकळी होते आणि भाता फुगावा तसे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण तीत ओढले जाते. त्याच वेळी दट्ट्याच्या वर आधी आलेले मिश्रण दाबले जात असते. दट्ट्या माथ्याशी येतो न येतो तोच ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली फेकला जातो. खाली येता येता तो प्रथम धुराची खिडकी उघडतो. तप्त वायू तीतून धाव घेतात. आणखी थोडा खाली आला की बाजूच्या खिडक्या उघडतात आणि खालच्या पेटीत दाबले गेलेले ताजे मिश्रण त्यांतून वर उसळते. दट्ट्या पुन्हा वर वळतो, खिडक्या झाकतो, आणि फेरा पूर्ण होतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट! चार स्ट्रोकच्या इंजिनात तो दोन फेऱ्यांना एकदा होतो. म्हणूनच त्याचा आवाज ‘फट्-फट्’ असा सुटासुटा ऐकू येतो आणि टू-स्ट्रोकचा ‘टर्रर्र’ असा सलग. फटफटी हे नाव ज्याने ठेवले, त्याच्या कानावर बहुधा चार स्ट्रोकचे यंत्र पडले असावे.

प्रत्येक फेऱ्याला स्फोट, तर शक्तीही दुप्पट मिळावी असे कोणालाही वाटेल. ती तशी मिळत नाही. धुराची खिडकी आणि ताज्या मिश्रणाच्या खिडक्या बराच वेळ एकाच वेळी उघड्या असतात. पुढचे व मागचे अशी घराची दोन्ही दारे सताड उघडी ठेवली, तर पुढून आलेला पाहुणा तसाच मागल्या दाराने निघून जायचा! येथेही तसेच होते. न जळलेले मिश्रण धुराबरोबर बाहेर पडते आणि जळलेला धूर थोडाफार आत राहतो. जर्मन अभियंता आडोल्फ श्न्यूर्ले याने १९२० नंतरच्या दशकात बाजूच्या खिडक्यांना असा तिरकसपणा दिला, की त्यांतून येणारे झोत धुराच्या खिडकीकडे पाठ करून समोरच्या भिंतीवर चढतात, माथ्याशी वळतात आणि जुना धूर आपल्यापुढे ढकलीत नेतात. सुधारणा मोठी होती. तरी गळती थांबली नाही. रस्त्यावरच्या स्कूटरीत यावर सोपा उपाय केला जाई. खिडक्या लहान व बुटक्या ठेवायच्या, इंजिनाचा वेग आवरायचा आणि साडेसात अश्वशक्तीवर समाधान मानायचे. कुटुंबाला बाजारात नेण्यास तेवढी पुरेशी होती.

शर्यतीच्या गाडीला तेवढ्याने भागत नाही. तिच्या खिडक्या उंच व रुंद असतात, म्हणजे गळतीला वाव अधिकच. ही गळती दार लावून नव्हे, तर पडसादाने थांबवली जाते. सह्याद्रीच्या घाटात कड्यासमोर उभे राहून हाक मारली, तर ती कड्यावर आदळून परत येते. धुराची खिडकी उघडताच तप्त वायूंचा जो भडका बाहेर पडतो, तोही एक प्रकारची हाकच होय. तिची लाट धुरांड्यातून ध्वनीच्या वेगाने धावू लागते. धुरांडे फुगू लागते तेथे ती लाट पसरते आणि तिच्या पसरण्यामुळे मागे एक ओढ निर्माण होते. ही ओढ उलट पावली इंजिनाकडे येते आणि नळकांड्यातला उरलासुरला धूर खेचून घेते. त्यापाठोपाठ खालच्या पेटीतले ताजे मिश्रणही अधिक जोराने वर येते. इतके, की त्यातले काही धुराच्या खिडकीतून बाहेर, धुरांड्याच्या मानेत जाऊन उभे राहते. तोवर मूळ लाट पुढे धुरांड्याच्या निमुळत्या होत जाणाऱ्या भागावर आदळलेली असते. तेथून ती दाब घेऊन परतते आणि मानेत उभे असलेले ताजे मिश्रण पुन्हा नळकांड्यात लोटते. त्याच क्षणी दट्ट्या खिडकी झाकतो. अंगणात पाऊल टाकलेल्या पाहुण्याला हात धरून माजघरात आणावे आणि दार लावून घ्यावे, तसे हे होते.

हे सारे किती त्वरेने घडते, त्याचा हिशेब मुलांनाही करता येईल. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे करीत असेल, तर सेकंदाला १५० फेरे झाले. धुराची खिडकी प्रत्येक फेऱ्यात निम्म्याहून किंचित अधिक काळ उघडी असते, म्हणजे सुमारे १/२८० सेकंद. साध्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. तापलेल्या धुरात तो सुमारे ५०० मीटरपर्यंत जातो. तेव्हा १/२८० सेकंदात लाट पावणेदोन मीटरांच्या आसपास अंतर कापील. तिला जाऊन परत यायचे आहे, म्हणून निमुळता भाग खिडकीपासून सुमारे ८५ ते ९० सेंटिमीटरवर असला पाहिजे. प्रत्यक्षात या गाड्यांची धुरांडी घडीव नळ्यांसारखी वळवून इंजिनाभोवती बसवलेली असतात, ती एवढ्याच लांबीसाठी.

आता एक अडचण सहज लक्षात येईल. पडसाद येण्यास लागणारा वेळ फारसा बदलत नाही. पण इंजिनाचा वेग तर सतत बदलतो. वेग कमी असेल तर लाट वेळेआधीच परत येते आणि मदत करण्याऐवजी वाटेत आडवी येते. म्हणूनच या गाड्या संथ वेगात मरगळलेल्या वाटतात. नंतर एका विशिष्ट वेगाला पडसादाचे गणित जुळते आणि गाडी एकाएकी उसळी घेते. नवख्या स्वाराचे हात तेथेच सुटतात. जाणता स्वार क्लच व गिअर यांच्या साहाय्याने इंजिनाला त्या अरुंद पट्ट्यातच फिरत ठेवतो. जपानच्या यामाहा कंपनीने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शर्यतीच्या गाड्यांत धुराच्या खिडकीलाच एक हलती वरची कड बसवली. वेग कमी असता ती खाली येऊन खिडकी बुटकी करते, वेग वाढला की वर सरकते. पुढे ही युक्ती मोटोक्रॉसच्या गाड्यांतही रूढ झाली आणि त्यांचा तऱ्हेवाईकपणा पुष्कळ निवळला.

या पडसादाचे शास्त्र ज्याने खऱ्या अर्थाने साधले, तो वॉल्टर काडेन हा पूर्व जर्मनीतील चोपाउ गावच्या एम. झेड. कारखान्याचा अभियंता. फुगीर धुरांड्याची कल्पना त्याच्याआधीच निघाली होती. परंतु लाटा पडद्यावर पाहून, मोजून, धुरांडे पुनःपुन्हा कापून व जोडून तिला नेमकेपणा आणला तो काडेनने. साधनसामग्री तुटपुंजी, पैसा अपुरा. तरी १९६१ साली त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. हवा दाबून भरणारे वेगळे यंत्र न लावता एका लिटरमागे २०० अश्वशक्ती देणारे इंजिन तोवर कोणी केले नव्हते. त्या वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील शर्यतीत त्याचे इंजिन बंद पडले. त्यानंतर तो संघाकडे परतलाच नाही. त्याच सुमारास त्याची पत्नी व मुले पूर्व जर्मनीची सीमा गुप्तपणे ओलांडून गेली होती. काडेनच्या इंजिनाचे सारे मर्म ठाऊक असलेला डेग्नर जपानच्या सुझुकी कंपनीला मिळाला आणि १९६२ साली सुझुकीच्या गाडीवर ५० घनसेंटिमीटर गटाचा जगज्जेता ठरला. एम. झेड.च्या हातून मात्र जगज्जेतेपद कायमचे निसटले. डेग्नरने केले ते बरे की वाईट, याचा निवाडा सोपा नाही. ज्या राज्यात मनुष्याला सीमा ओलांडून जाण्याचीही मुभा नव्हती, तेथून तो निघाला होता. पण वर्षानुवर्षांचे कष्ट एका रात्रीत परक्या हाती गेल्यावर काडेनला काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. पुढे १९७० साली ज्वेल रोबेर या बेल्जियन स्वाराने सुझुकीच्याच टू-स्ट्रोक गाडीवर २५० घनसेंटिमीटर गटात मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले. जपानी गाडीने या खेळात मिळवलेले ते पहिले जगज्जेतेपद होय.

इंजिनातील आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. खालच्या पेटीत ओढलेले मिश्रण दट्ट्या खाली येताना कार्बोरेटरकडे परतू नये म्हणून वाटेत पातळ पट्ट्या बसवतात. बाजाच्या पेटीत सुरांच्या ज्या पितळी पट्ट्या असतात, त्यांच्याच जातीच्या या. आत ओढ लागली की वाकून वाट देतात, दाब आला की आपोआप मिटतात. दुसरी गोष्ट तेलाची. खालची पेटी भात्याचे काम करीत असल्यामुळे तीत तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. शर्यतीच्या गाडीत एका लिटर पेट्रोलला साधारणतः २५ ते ३३ मिलिलिटर तेल घालतात. ते आपले काम करता करता जळून जाते आणि निळसर धूर सोडते. पूर्वी शर्यतींत एरंडेलापासून केलेले तेल वापरीत. त्याचा वास जुन्या स्वारांना अजूनही आठवतो.

इंजिन कितीही उत्तम असले, तरी गाडी जमिनीवर टिकली पाहिजे. स्वारासह दोन मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडणाऱ्या गाडीचा विचार करावा. तिची पडझड सोसणारी स्प्रिंग दहाच सेंटिमीटर दबत असेल, तर जमिनीचा तडाखा वजनाच्या सुमारे वीसपट बसतो. ती तीस सेंटिमीटर दबू शकली, तर तोच तडाखा सात-आठपटींवर येतो. हे साध्य करण्यासाठी बेल्जियमच्या लुसियाँ टिल्कन्स या अभियंत्याने मागील चाकाच्या दोन बाजूंच्या दोन आखूड स्प्रिंगांऐवजी बैठकीखाली आडवी अशी एकच लांब स्प्रिंग बसवण्याची योजना केली. यामाहाने ती स्वीकारली आणि १९७३ साली हाकान अँडरसन या स्वीडिश स्वाराने तशा गाडीवर २५० घनसेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद जिंकले. आज मोटोक्रॉसच्या गाडीचे चाक सुमारे तीस सेंटिमीटर वरखाली होऊ शकते. हवेत असताना गाडीचे नाक खाली जाऊ लागले, तर स्वार इंजिनाला वेग देतो. मागील चाक जोराने फिरू लागते आणि त्याच्या उलट प्रतिक्रियेने नाक वर उचलले जाते. नाक फार वर गेले, तर मागचा ब्रेक दाबला की ते खाली येते. पाय टेकायला काही नसता हवेत गाडी वळवण्याची ही रीत पाहिली, की न्यूटनचा नियम पाठ करण्याचे श्रम वाचतात.

एवढे गुण असूनही टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यांवरून गेल्या. त्यांना त्यांचा मूळचाच दोष भोवला. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, न जळताच बाहेर पडतो. एका गाडीचा धूर फारसा जाणवत नाही. पण शहराच्या चौकात शेकडो स्कूटरी व रिक्षा उभ्या राहिल्या की तोच धूर मुलांच्या आणि वृद्धांच्या छातीत जातो. भारतात १९९१ पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम आले. १९९६ व २००० साली ते अधिक कडक झाले. तरुणांच्या आवडीच्या यामाहा आर. एक्स. १०० या गाडीचे उत्पादन १९९६ साली थांबले. चेतकही यथावकाश बंद झाली आणि २०२० साली त्याच नावाने रस्त्यावर आली ती विजेची स्कूटर. पडसादाची युक्ती त्या जुन्या गाड्यांना वाचवू शकली नाही, कारण शहरातल्या गाडीला क्षणात थांबावे व क्षणात निघावे लागते आणि पडसाद तर एकाच वेगाला नीट जुळतो. मोटोक्रॉसमध्येही १९९८ साली यामाहाने चार स्ट्रोकची ४०० घनसेंटिमीटरची गाडी विक्रीस आणल्यापासून मोठ्या शर्यतींत त्या जातीचाच वरचष्मा झाला.

तथापि टू-स्ट्रोक संपलेली नाही. जगात जेथे जेथे मुले हा खेळ शिकतात, तेथे तेथे त्यांच्या हाती बहुधा ५०, ६५ किंवा ८५ घनसेंटिमीटरची टू-स्ट्रोक गाडीच असते. कारण ती हलकी असते आणि तिचे इंजिन साध्या हत्यारांनी एका दुपारी उघडून पुन्हा जोडता येते. पेट्रोल कार्बोरेटरऐवजी मोजूनमापून फवाऱ्याने सोडण्याचे प्रयोगही यशस्वी झाले आहेत. त्यांत ऑस्ट्रियातील के. टी. एम. कंपनी आघाडीवर आहे. आणि योगायोग असा, की २००७ साली त्या कंपनीत भागीदारी घेतली ती आकुर्डीच्या बजाज कंपनीनेच.

शर्यतीत गाडी पडली, की पहिला मार बहुधा धुरांड्याला बसतो, कारण त्याचे फुगीर पोट पुढे आलेले असते. पोचा पडला म्हणजे पोकळीचा आकार बिघडतो आणि पडसादाची वेळ चुकते. त्या फुगवट्याला आतून हातोडी पोहोचत नाही. मग कारागीर धुरांड्याची दोन्ही तोंडे घट्ट बंद करतो, एका बारीक नळीने आत दाबाची हवा सोडतो आणि पोच्याभोवतीचा पत्रा ज्योतीने तांबूस होईतो तापवतो. मऊ झालेला पत्रा आतल्या हवेच्या दाबाने हळूहळू बाहेर येतो आणि आपल्या मूळ वळणावर जाऊन बसतो.